चिंचेवाडीच्या पोरीचा दम

मैदानावर माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी निकाल दिलेला मला खपत नाही. खोड म्हणा, माज म्हणा, नगरच्या शाळेत इतकी वर्षं पीटी शिकवून अंगात मुरलेलं काहीतरी म्हणा. त्या रविवारी बोरमळ्यात मात्र सकाळपासून माझ्या आधी निकाल देत होता तो काकासाहेबांचा माइक.

बोरमळा म्हणजे राहुरीहून आत, मुळेच्या कालव्याला लागून असलेलं गाव. ऊस, कांदा, गहू आणि कबड्डीचं वेड. जिल्हा निवड स्पर्धेतले किशोरी गटाचे सामने तिथल्या मंडळाने भरवले होते आणि त्यातून जिंकणारा एकच संघ पुढे नगरला अंतिम फेरीत जाणार होता. मी मुख्य पंच. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात आणि गावचे खरे सरपंच समोर खुर्चीत बसलेले, त्यामुळे काकासाहेबांना आयतं कुरण मिळालं.

"आज गावाला दोन सरपंच हायेत, मंडळी! एक नगरच्या पंकजाताई, त्यांची शिट्टी दिवसभर वाजनार. दुसरे आपले, त्यांची फकस्त इलेक्शनला वाजती!"

लोक खो खो हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

माणूस तसा वाईट नव्हता. सकाळपासून उन्हात उभा, आवाज खणखणीत, कुणाचीही दोन शब्दांत टोपी उडवणारा. गावच्या स्पर्धेला असा माइकवाला लागतोच, त्याच्याशिवाय माणसं हलत नाहीत घरातून. आणि या माइकवाल्याचं सगळं लक्ष एकाच खेळाडूवर होतं, बोरमळ्याच्या कर्णधार पोरीवर. स्नेहल त्यांची एकुलती एक. दहावीत शिकणारी, लांब हातापायांची, कमी बोलणारी. तिची पकड मी मागच्या वर्षीही पाहिली होती. तिच्या हातात एकदा घोटा सापडला की चढाईला आलेल्या पोरीने घरी जायची आशा सोडायची.

सकाळी नारळ फुटला आणि काकासाहेबांनी माइकवरून जाहीर करून टाकलं, "मंडळी, तुमच्या साक्षीनं सांगतो. ही स्पर्धा जिंकून माझी पोरगी नगरला गेली, तर दहावीनंतरबी खेळंल, मी सोता तिला गावोगाव घिऊन हिंडंन. आन न्हाई गेली, तर आजचा खेळ शेवटचा. क्लास लावायचा, मैदान बंद! काकासाहेब एकदा बोलला की बोलला!"

टाळ्या पडल्या. त्या बोलण्यात टाळ्या वाजवण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. स्नेहल गुडघ्याला पट्टी बांधत बसली होती, ती खाली मान घालून बांधतच राहिली. तिच्या संघातली धनश्री शेजारीच होती. तिने विचारलं, "खरंच बंद करतील का गं?"

"पप्पा माइकवर बोललेलं फिरवत न्हाईत," स्नेहल म्हणाली.

मी जवळच उभी होते, दोघींचं बोलणं ऐकलं. मला पोरीची दया आली आणि बापाचा राग. पण पंचाने दोन्ही गोष्टी खिशात ठेवायच्या असतात.

अंतिम सामना दुपार कलल्यावर सुरू झाला. समोर चिंचेवाडीचा संघ. पाथर्डीकडचं, डोंगराच्या पायथ्याचं कोरडं गाव. त्यातल्या बऱ्याच पोरींचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला बाहेर पडतात, राहुरीकडच्या फडांवरही येतात. पोरी गावात आजीजवळ राहून शाळा करतात आणि गहिनीनाथ सर नावाचे एक शिक्षक त्यांना पहाटे खेळवतात. टेम्पोत ताडपत्रीवर बसून आल्या होत्या सगळ्या. सकाळपासून त्यांनी एकही सामना गमावला नव्हता आणि त्याचं मुख्य कारण होतं मोनिका. बुटकी, काटक, रंग उन्हाने रापलेला. ती चढाईला निघाली की समोरच्या पोरी आपोआप मागे सरकायच्या.

काकासाहेबांच्या हे लक्षात आलं होतं. घाबरलेला माणूस एक तर गप्प बसतो नाहीतर जास्त बोलतो. ते जास्त बोलायला लागले.

"आली, आली, ऊसतोडीवाली आली! पोरींनो, सांभाळा, बुडख्यातनं तोडील!"

लोक हसले. मोनिका एका गुणासाठी हात लावून परत आली.

"कोयता आणलाय का गं संगं? पंचबाई, जरा झडती घ्या तिची!"

पुन्हा हशा. चिंचेवाडीच्या राखीव पोरी रेषेबाहेर बसल्या होत्या, त्यांच्या माना खाली गेल्या. एकीचे डोळे भरलेले मला दिसले. मोनिकाच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, पण पुढच्या चढाईत तिचा पाय उगाच घसरला आणि ती पकडली गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शिट्टी फुंकून खेळ थांबवला आणि सरळ माइकच्या टेबलाकडे गेले.

"काकासाहेब, पोरींवर बोलायचं नाही. गुण सांगा, नाव सांगा, बास."

"ताई, गंमत हाय ती. कुस्त्यांच्या हगाम्याला, जत्रेला असंच बोलतो मी. लोकांना मजा येती."

"पोरींना येते का, ते विचारलंत?"

"खेळाडूनं ऐकून घ्यायला पायजे. माझ्या पोरीवर बोला तुमी, ती ऐकून घील."

"तुमच्या पोरीवर मी कशाला बोलू? ती बिचारी खेळतेय."

त्यांनी हात जोडले, मान डोलावली आणि मी वळले तोच मागून माइक चालू. "मंडळी, सरपंचबाईंनी आमाला दम भरलाय! आता आमी शिस्तीत बोलनार!"

मैदानाबाहेरच्या माणसाला कार्ड दाखवता येत नाही. खेळाडूला येतं, प्रशिक्षकाला येतं. हिरवं, पिवळं, लाल, सगळी माझ्या खिशात होती आणि एकाचाही उपयोग नव्हता. मी दातओठ खाऊन जागेवर आले.

बाद झालेली मोनिका पुन्हा खेळात आल्यावर एक गोष्ट घडली ती सांगायला हवी. स्नेहलची चढाई होती. ती मध्यरेषेवर आली, आत जायच्या आधी मोनिकाच्या समोर क्षणभर थांबली आणि पुटपुटली, "पप्पांचं मनावर घिऊ नको." मी रेषेलाच उभी होते म्हणून मला ऐकू आलं. स्नेहल दम धरून आत घुसली.

त्यानंतर काकासाहेब थोडा वेळ खरंच शिस्तीत बोलले. पण गुण दोन्हीकडे सारखेच चढत होते, तसा त्यांचा आवाजही चढत गेला. आता ते चिडवत नव्हते, पण माझ्या शिट्टीच्या आधी निकाल सांगत होते. कुणाचा पाय रेषेबाहेर जायच्या आत "बाद!", कुणी बोनसची रेषा ओलांडायच्या आत "बोनस!" बहुतेक वेळा त्यांचं बरोबरही यायचं, कारण माणसाने आयुष्यभर कबड्डी पाहिली होती. त्यामुळे लोक माझ्याकडे बघायचे सोडून कर्ण्याकडे बघायला लागले. हळूहळू खेळाडूही.

शेवटची चढाई उरली तेव्हा दोन्ही संघ चोवीसवर होते. चढाई मोनिकाची. तिने एकीला जरी हात लावून परत घर गाठलं तरी चिंचेवाडी जिंकणार. तिला पकडलं तर बोरमळा जिंकणार, स्नेहल नगरला जाणार आणि तिचा खेळ वाचणार. हे मैदानाभोवतीच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, कारण काकासाहेबांनी ते तीन तीनदा सांगितलं होतं.

मोनिका आत गेली. दम म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चढाई करणाऱ्या पोरीने समोरच्या अंगणात असेपर्यंत एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं. तो दम तुटला की ती बाद, मग तिने कितीही जणींना हात लावलेला असो. म्हणून पंचाचा एक डोळा पायावर असतो आणि दोन्ही कान दमावर. माझे कान मात्र त्या वेळी कामाचे नव्हते. एक कर्णा माझ्या मागच्याच कडुलिंबाला बांधलेला, पलीकडे ढोल, भोवती अख्खं गाव ओरडतंय. मोनिकाची पाठ माझ्याकडे होती. ओठ दिसत नव्हते.

ती उजव्या कोपऱ्याकडे झुकली, परत फिरली, स्नेहलच्या अंगावरून गेल्यासारखी गेली. स्नेहलने हात टाकला आणि मागे घेतला. दोघी इतक्या जवळ होत्या की एकीचा श्वास दुसरीच्या गालाला लागत असेल. आणि त्याच क्षणी कर्णा कडाडला.

"दम गेला! दम गेला! चिंचेवाडीचा दम गेला! बाद!"

मोनिका थांबली. अगदी सरळ उभी राहिली, हात खाली सोडले आणि कर्ण्याकडे बघितलं. मग मान खाली घालून मध्यरेषेकडे चालायला लागली, मुकाट्याने, बाद झालेली पोर चालते तशी. धनश्रीने मागून झेप घेऊन तिची कंबर धरली. आणखी दोघी वर पडल्या. मोनिका मातीत तोंडावर आपटली.

मी शिट्टी फुंकली ती त्यानंतर.

"जिंकलो! बोरमळा जिंकला! नगरला निघालो, मंडळी, नगरला!" काकासाहेबांचा आवाज फाटला होता. ढोल वाजायला लागला, कुणीतरी गुलाल उधळला, पोरं मैदानात घुसली. मी दोन्ही हात वर करून सगळ्यांना बाहेर काढलं. घसा बसेपर्यंत ओरडले. निकाल दिला नव्हता मी अजून.

गहिनीनाथ सर धावत आले. एरवी गरीब वाटणारा माणूस, पण मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. "बाई, हे काय चाललंय? निकाल तुमी देता का तो देतो?"

"सर, बाजूला थांबा. मोनिका, इकडे ये. का थांबलीस तू?"

तिच्या ओठाला माती लागली होती. तिने ती पुसलीसुद्धा नाही. "बाद म्हनले नं."

"कोण म्हणालं?"

तिने कर्ण्याकडे बोट केलं. "आमच्याकडं पंचाच्याच हातात माइक असतो, बाई. सर खेळवत्यात बी अन् सांगत्यात बी. माइकवर बाद म्हनलं की बाद."

गहिनीनाथ सरांनी डोळे मिटले. गावाकडच्या स्पर्धेत माणसं कमी असतात, त्यामुळे तेच शिट्टी, तेच माइक, तेच गुण. ती सवय पोरींना त्यांनीच लावली होती.

आता माझी खरी पंचाईत झाली. नियम असा की शिट्टी वाजेपर्यंत खेळ चालू. मोनिका समोरच्या अंगणात दम सोडून चालायला लागली, म्हणजे ती बादच. पण तिचा दम माइकमुळे सुटला असेल, तर तो बाहेरून आलेला अडथळा आणि मग चढाई पुन्हा घ्यायची. आणि तिचा दम आधीच तुटलेला असेल, तर माइक खरंच बोलला, त्याला मी काय करणार? सगळा निकाल या एका गोष्टीवर. दम आधी गेला की माइक आधी वाजला? मी पलीकडच्या पंचाला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, ढोलात मला काही ऐकू आलं नाही. शप्पथ."

मोनिका म्हणाली, "माझा दम हुता, बाई." पण ती असंच म्हणणार. धनश्री म्हणाली, "न्हवता, मॅडम, गेला हुता." तीही असंच म्हणणार. आणि धनश्री तर कोपऱ्यात होती, लांब.

जवळ होती ती एकच.

मी स्नेहलकडे बघितलं. ती मैदानाच्या मध्यभागी एकटीच उभी होती. तिच्या संघातल्या पोरी नाचत होत्या, ती नाचत नव्हती. मी तिला खुणेने बोलावलं. ती येईपर्यंत काकासाहेबही वायर ओढत, माइक हातात घेऊन मैदानात आले. मागून चारपाच जण. मी हात आडवा केला.

"काकासाहेब, मैदानात यायचं नाही."

"न्हाई ताई, ऐका माझं. तुमाला शंका हाय ना? मग इचारा की माझ्या पोरीला. ती तिथंच हुती, तिच्या कानाशी. माझी पोरगी खोटं बोलत न्हाई, अख्ख्या गावाला ठावं हाय." आणि हे त्यांनी माइकवर सांगितलं. कर्ण्यातून सगळ्या मैदानभर गेलं. "मंडळी, सरपंचबाई स्नेहलला इचारत्यात! तिच्या तोंडानंच ऐका!"

त्यांनी माइक पोरीच्या तोंडासमोर धरला. डोळ्यांत नुसता अभिमान होता, दुसरं काही नाही. त्यांना खरंच वाटत होतं की पोरगी 'गेला' म्हणेल आणि विषय मिटेल.

मला त्या क्षणी त्यांच्या हातातून तो माइक हिसकावून घ्यावासा वाटला. पंधरा वर्षांच्या पोरीला असं गावासमोर कुणी उभं करतं का? मी म्हणाले, "स्नेहल, मला एकटीला सांग. माइकची गरज नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे, मग चिंचेवाडीच्या पोरींकडे. तिच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता आणि ती तो पुसत नव्हती. ढोलवाल्याने हात थांबवले होते. सगळ्यांना उत्तर ठाऊक असल्यासारखे सगळे हसतमुख उभे होते.

"दम न्हवता गेला," ती म्हणाली.

कर्ण्याने तो शब्द कालव्यापर्यंत नेला असेल.

कुणीतरी मागून ओरडलं, "येडी झाली का काय पोरगी!" धनश्री धावत आली. "स्नेहल, काय बोलतीस तू?" काकासाहेबांनी माइक हळूच खाली घेतला, छातीशी धरला आणि तोंड पोरीच्या कानाजवळ नेलं. मी बाजूलाच असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"नीट आठव, बाळा."

"नीट आठवतंय, पप्पा. तुमी बोललात, मग ती गप झाली. आधी न्हाई."

"तुझं काय जातंय, कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मंग?"

"मंग काय? माझ्या कानात तिचा दम चालू हुता. मी कसं म्हनू गेला म्हनून?"

पोरगी खोटं बोलत नाही, हे आत्ताच सगळ्या गावाला त्यांनी स्वतः सांगितलं होतं, ते आता गिळता येत नव्हतं. मी गुणलेखकाकडे वळले आणि निकाल दिला. बाहेरच्या आवाजाने खेळात अडथळा, चढाई रद्द, मोनिकाची चढाई पुन्हा. मैदानाभोवती गलका उठला. माझ्या आईबहिणीचाही उद्धार झाला, तो मी ऐकला नाही असं दाखवलं. मग काकासाहेबांसमोर जाऊन उभी राहिले.

"माइक बंद. आता सामना संपेपर्यंत एक शब्द नको."

एरवी त्यांनी दोन विनोद केले असते. या वेळी अंगठ्याने बटन मागे सारलं आणि माइक खाली धरून ते रेषेबाहेर गेले.

बोरमळ्याच्या पोरी जागेवर उभ्या राहिल्या. धनश्री स्नेहलकडे बघत नव्हती. स्नेहलने तळहाताला माती चोळली आणि वाकून उभी राहिली. मला वाटलं होतं तिचा जीव आता खेळात नसेल. पण तिचे डोळे बघितले आणि समजलं, तिला जिंकायचं होतं. खरं बोलून झालं होतं, आता तिला ही पकड हवी होती, आधीपेक्षा जास्त. नगर हवं होतं. पुढचं वर्ष हवं होतं.

मी शिट्टी दिली.

लोकही आता गप्प होते. माइक नाही, ढोल नाही. सकाळपासून पहिल्यांदा मला मोनिकाचा दम ऐकू आला. बारीक, एकसारखा, न घाई करता. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. ती डावीकडे गेली, धनश्रीवर चाल करून तिला मागे रेटलं, परत मध्ये आली. एक हात स्नेहलच्या खांद्याकडे, तो फसला. दुसरा हात खाली, गुडघ्याकडे. स्नेहलने पाय मागे घेतला, पण बोटं पट्टीला चाटून गेली. स्पर्श झाला. मी बघितला.

मोनिका वळली आणि स्नेहलने तिचा घोटा धरला.

दोन्ही हातांनी. मोनिका आडवी पडली, पण दम चालू. धनश्री तिच्या पाठीवर पडली. दम चालूच. मोनिका कोपरावर सरपटत पुढे, मागे दोघींचं ओझं, आणि स्नेहल डोळे घट्ट मिटून तिचा पाय ओढतेय. मध्यरेषा हातभर लांब. मी गुडघ्यावर बसले, मग पोटावर झोपले, साडी असती तरी झोपले असते. मोनिकाचा हात रेषेकडे गेला. बोटं मातीत रुतली, पुढे सरकली, थांबली, पुन्हा सरकली. तिचा दम आता खरडल्यासारखा येत होता, पण येत होता. मधलं बोट रेषेवर पडलं. मग रेषेपलीकडे.

मी शिट्टी वाजवली आणि हात चिंचेवाडीकडे केला. धरणाऱ्या दोघी बाद, दोन गुण. चिंचेवाडी सव्वीस, बोरमळा चोवीस.

चिंचेवाडीच्या पोरी किंचाळत मैदानात आल्या आणि गहिनीनाथ सर एकटेच टेम्पोकडे तोंड करून उभे राहिले, बहुतेक रडत असावेत. मोनिका उठून बसली. स्नेहलच्या हातात तिचा घोटा अजून तसाच होता. तिने तो सोडला. मोनिकाने हात पुढे केला, स्नेहलने तो धरला आणि दोघी एकमेकींच्या आधाराने उभ्या राहिल्या. मोनिका काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. ऐकायला हवंच असंही नव्हतं.

मग बोरमळ्याचा संघ रांगेत आला आणि दोन्हीकडच्या पोरींनी हात मिळवले. धनश्रीनेही मिळवले, पण मैदानाबाहेर जाताना ती स्नेहलला म्हणाली, "तू खरं बोललीस, आन आमी समद्या घरी बसायचं. झालं ना तुझ्या मनासारखं?" स्नेहलने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. धनश्रीचंही चुकलं म्हणायची माझी हिंमत नाही. तीही वर्षभर पहाटे उठली होती.

लोक पांगायला लागले. मोटारसायकली सुरू होत होत्या. खरे सरपंच बक्षीस देऊन मोकळं व्हायच्या घाईत होते आणि माइकवाला गप्प होता. मी टेबलाजवळ गेले. "काकासाहेब, निकाल जाहीर करायचाय. तुम्ही करता का मी करू?"

ते माइक दोन्ही हातांत धरून उभे होते, दुसऱ्याचं लेकरू सांभाळायला दिल्यासारखे. तेवढ्यात स्नेहल आली. गुडघ्याची पट्टी सोडून तिने हातात गुंडाळून घेतली होती. चेहरा धुतला होता, तरी रडलेलं लपत नव्हतं.

"पप्पा, उद्यापासनं क्लासला जाते," ती म्हणाली.

"मी काय म्हनलो का तुला?"

"सकाळी म्हनलात की. माइकवर."

मी तिथून निघून जायला हवं होतं, पण पाय हलेना.

"मला लांबनं खरंच वाटलं गं, दम गेला म्हनून," ते म्हणाले.

"तुमाला तसंच व्हायला पायजे हुतं, पप्पा, म्हनून तसं वाटलं."

ती हे रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर त्यांना बरं पडलं असतं, ओरडता तरी आलं असतं. त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं, खाकरले, आणि सवयीने ताठ उभे राहून माइक तोंडापाशी नेला.

"मंडळी," ते म्हणाले, "चिंचेवाडीच्या पोरीचा दम गेला न्हवता. म्या खोटं बोललो. तिला नाही नाही ते बोललो, तेबी चुकलं. आन सकाळी माझ्या पोरीच्या खेळाचं जे बोललो, ते मागं घेतो. तिला खेळायचं तवर ती खेळंल."

कर्णा गप्प होता. बटन मागेच होतं. लोक पाठ करून गाड्यांकडे चालले होते, मोनिका टेम्पोच्या फळीवर बसून पाणी पीत होती, आणि हे सगळं ऐकलं ते मी आणि स्नेहलने. काकासाहेबांच्याही ते लक्षात आलं. त्यांच्या तोंडावर सुटल्यासारखा भाव आला. त्यांनी माइक हळूच टेबलावर ठेवायला घेतला.

स्नेहलने त्यांचं मनगट धरलं.

"पप्पा," ती म्हणाली, "बटन चालू करून बोला."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग निघालेल्या गावाकडे बघितलं. मग अंगठ्याने बटन पुढे सारलं. कर्ण्यातून खरखर आली आणि गाड्यांवर बसलेली माणसं वळून बघायला लागली.